पोच आली का?

मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या तारखा कोण सांभाळतं? नाही, अगदी खरं सांगा. विम्याचा हप्ता कुठल्या महिन्यात येतो, विजेचं बिल कधी भरायचं, सासूबाईंच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, हे कुणाच्या लक्षात असतं? आमच्या घरी हे खातं माझ्याकडे. डोक्यात मावतं तेवढं डोक्यात, बाकीचं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावला ती तारीख, कामवालीच्या सुट्ट्या, सगळं त्या चौकोनांत बसवलेलं असतं. आमचे हे थट्टा करतात, "तुझं हे सरकारी दप्तर एकदा बासनात बांधून ठेव." करू देत थट्टा. हप्ता चुकला की दंड कुणाच्या खिशातून जातो ते त्यांनाही ठाऊक आहे.

२०२३ सालच्या कालनिर्णयचं डिसेंबरचं पान मी अजून टाकलेलं नाही. पंधरा तारखेभोवती लाल पेनने वर्तुळ काढलंय नि आत बारीक अक्षरांत लिहिलंय, 'मार्क पोचले पाहिजेत'. त्याच चौकोनात खाली, 'दूध अर्धा लिटर जास्त'. त्या पंधरा तारखेचीच हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे. तुमच्यापैकी कुणाच्या मुलीची, मुलाची, भाच्याची पाळी आज ना उद्या येईलच.

आमची लेक तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. अमेरिकेत जाऊन एम.एस. करायचं हे तिनं दुसऱ्या वर्षापासूनच मनाशी घेतलेलं. घरात कामांची वाटणी आपोआपच झाली. अभ्यास तिचा, पैशांची तजवीज यांची, देवाला साकडं घालायचं सासूबाईंनी. माझ्याकडे उरला डबा. मी काही विचारायला गेले की लेक म्हणायची, प्रेमानेच हं, "आई, राहू दे ना, तुला त्यातलं नाही कळायचं." मीही राहू दिलं. खरंच, मला त्यातलं काय कळत होतं?

या परीक्षेचं नाव जी.आर.ई. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी अमेरिकेतली पुष्कळ विद्यापीठं तिचे मार्क बघतात. परीक्षा तशी जुनी, १९३०च्या दशकातली. ती घेणारी ई.टी.एस., म्हणजे एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस, ही न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनची संस्था १९४७ सालची, आपल्या स्वातंत्र्याच्याच वयाची. करोनाच्या साथीत, २०२० पासून, बऱ्याच विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली, काहींनी काढूनच टाकली. त्यामुळे शेजारीपाजारी आम्हाला सांगायचे, "आता ती लागत नाही म्हणे." पण कुणाला लागते नि कुणाला नाही, हे प्रत्येक विद्यापीठाचं निराळं. एकाच विद्यापीठात दोन विभागांचे दोन नियम असतात! लेकीच्या यादीत आठ विद्यापीठं होती. त्यांतल्या सहांना मार्क हवे होते.

आता खरी गंमत ऐका. आमच्या वेळी मार्कशीट हातात आली की तिच्या झेरॉक्स काढायच्या, कुणा गॅझेटेड अधिकाऱ्याच्या मागे लागून सही-शिक्का घ्यायचा, की झालं काम. तिथं तसं चालत नाही. तुम्ही अर्जात मार्क लिहा, कागद जोडा, तो नुसता तुमचा शब्द. काही विद्यापीठं सुरुवातीला तेवढ्यावर भागवतात. पण बाकीच्यांना ई.टी.एस.ने परस्पर कळवलेले मार्क लागतात, तेच खरे. लग्नाच्या बैठकीत मुलीची माहिती मुलीने सांगायची नाही, मध्यस्थाने सांगायची, तसलाच प्रकार!

सासूबाईंना हे मुळीच पटलं नाही. त्या म्हणाल्या, "मग आनंदीबाई जोशी गेल्या, त्यांनी कुठले गं मार्क पाठवले?" आता आली का पंचाईत! आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाला पत्र लिहिलं होतं, १८८३ साली त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या नि १८८६ साली डॉक्टर झाल्या. जी.आर.ई. जन्माला यायला तेव्हा पन्नासेक वर्षं अवकाश होता. "एवढं एक पत्र पुरलं बघ तिला," सासूबाई म्हणाल्या, आणि जपमाळ पुन्हा सुरू.

परीक्षा अठरा नोव्हेंबरला, शनिवारी, पुण्याला. आम्ही साताऱ्याचे. भाऊबीज नुकतीच झालेली, डब्यांत चकल्या तशाच पडलेल्या. पोरीनं अख्खी दिवाळी पुस्तकात डोकं खुपसून काढली. आदल्या दिवशी कोथरूडला माझ्या बहिणीकडे जाऊन राहिलो. सोबत एकच कागद न विसरता न्यायचा होता, तो म्हणजे पासपोर्ट. ओळख पटवायला तिथे तोच लागत होता, आणि परीक्षेच्या नोंदणीतलं नाव नि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं असावं लागतं. इथे आपल्या महाराष्ट्रात एक घोळ आहे, तो लक्षात ठेवा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत नि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या ओळीत. परदेशी अर्जात तीन चौकटी. कुठलं नाव कुठल्या चौकटीत घालायचं ते एकदा ठरवून टाकावं नि मग सगळीकडे तसंच ठेवावं. लेकीनं हे व्यवस्थित केलं होतं. तिची चूक दुसरीकडेच झाली, ती पुढे येईलच.

त्या रात्री बहिणीच्या घरी जेवताना कळलं की परीक्षा संपल्यावर तिथल्या तिथे चार विद्यापीठांना मार्क फुकट पाठवता येतात. संगणक गणिताचे आणि इंग्रजीचे मार्क लगेच दाखवतो, मग विचारतो, कुणाकुणाला पाठवू? तेव्हा नाही सांगितलं तर ती फुकटची संधी गेली. नंतर प्रत्येक विद्यापीठामागे डॉलरमध्ये पैसे मोजायचे. लेक म्हणाली, "सहांतली चार मला सगळ्यांत आवडतात, ती घालते."

मैत्रिणींनो, इथे मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "आवडीचा काय संबंध? मंडईतून आल्यावर आपण आधी कुठली भाजी करतो? आवडती, की आधी सुकणारी?" मेथी आधी, भोपळा चार दिवसांनी. ज्यांची मुदत आधी संपते ती चार आधी घाल, उरलेल्या दोघांना मागाहून पैसे भरून पाठवू. लेक माझ्याकडे बघतच राहिली. बहीण म्हणाली, "बरोबर बोलतेय तुझी आई." परीक्षेच्या खोलीत कागद नेऊ देत नाहीत, म्हणून पोरीनं ती चार नावं शुभंकरोतीसारखी पाठ केली.

परीक्षा त्याच वर्षी सप्टेंबरपासून लहान झाली होती, दोन तासांच्या आतबाहेर. आम्ही दोघी बहिणी बाहेर रसवंतीगृहात बसलो होतो. बाहेर आली तेव्हा चेहरा फुललेला. गणितात १६७, इंग्रजीत १५४. पैकी किती? १७० पैकी. मी हिशेब करायला लागले तर म्हणाली, "आई, हे १३० पासून सुरू होतं." म्हणजे कमीत कमी मार्क १३०! आमच्या शाळेत असली सोय असती तर किती बायका पहिल्या वर्गात पास झाल्या असत्या!

पक्के मार्क आठ-दहा दिवसांत येतात म्हणाले होते, तसे नोव्हेंबर सरता सरता आले. राहिलेल्या दोन विद्यापीठांचे पैसे भरायचे म्हणून रात्री हे कार्ड घेऊन बसले. एकदा भरले, नामंजूर. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, नामंजूरच. यांचा पारा चढला. खात्यात पैसे असताना नाही म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी बँकेत विचारल्यावर उलगडा झाला. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद ठेवलेले असतात, आपले आपण चालू करून घ्यावे लागतात. मोबाइलमध्ये एक बटण दाबायचं होतं, इतकंच. पण तेवढ्यासाठी एक रात्र नि अर्धा दिवस गेला. हेच शेवटच्या रात्री झालं असतं तर?

आणि शेवटची रात्र म्हणजे तरी कुणाची? तिकडचे रात्रीचे अकरा एकोणसाठ म्हणजे आपले किती, हा हिशेब मी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला करून ठेवला होता. डिसेंबरात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणजे त्यांची पंधरा तारीख आपल्या सोळाच्या सकाळी दहा एकोणतीसला संपते. पश्चिम किनाऱ्याची दुपारी दीडच्या आधी एक मिनिट. मुलं या वरच्या तासांवर फार विसंबतात. मी लेकीला सांगितलं, ते तास तू विसरून जा, आपली पंधरा म्हणजे पंधरा. आणि अर्जाची तारीख नि मार्क पोचायची तारीख एकच असते असंही नाही. काहींना परीक्षा तोपर्यंत दिलेली चालते, काहींना मार्क तोपर्यंत हातात लागतात. ज्या विद्यापीठाबद्दल सांगणार आहे त्यांना ते पंधरापर्यंत हातात हवे होते. चारांतलंच एक, लेकीच्या मनातलं पहिलं.

अकरा डिसेंबर, सोमवार. जेवणं झाली होती, मी ओटा आवरत होते. सहज विचारलं, "काय गं, पोच आली का सगळ्यांची?"

"कसली पोच?"

आता या मुलांना पोच म्हणजे काय ते सांगावं लागतं! मी कोल्हापूरला हॉस्टेलवर असताना माझे वडील दर महिन्याला मनीऑर्डर करायचे. पैसे पाठवले की काम झालं असं ते कधी मानत नसत. माझी सही असलेली पोचपावती पोस्टमनने आणून दिली की मगच त्यांचा जीव थाऱ्यावर यायचा. त्या पावत्या ते तारेच्या आकड्याला टोचून ठेवत. वडील गेल्यावर घर आवरताना तो आकडा सापडला. पाच वर्षांच्या माझ्या सह्या, ओळीने.

लेक म्हणाली, "अगं, ई.टी.एस.च्या साइटवर 'पाठवले' असं दिसतंय."

"पाठवले ते कळलं. पोचले का?"

म्हणून तिनं एकेका विद्यापीठाचं पान उघडलं. अर्ज भरला की ते आपल्याला तिथे एक जागा देतात, काय आलं नि काय यायचंय ते त्यात दिसतं. पाच ठिकाणी बरोबरची खूण. सहाव्या ठिकाणी, आवडत्या विद्यापीठापुढे, 'मिळाले नाहीत'. पाठवल्याला दोन आठवडे होत आलेले.

"येतील गं, तिकडे गर्दी असते," लेक म्हणाली. पण आवाज खाली गेला होता. हे म्हणाले, पैसे भरून पुन्हा पाठवू. पुन्हा पाठवले तरी पोचायला पाच-सहा दिवस, आणि मधे उरलेत चार. शिवाय एक गोष्ट मला बोचत होती. त्याच दिवशी, त्याच यंत्रातून निघालेली चार पाकिटं. तीन पोचली नि चौथं वाटेत हरवलं? हरवलं नसेल. पोचलंही असेल. पण कुणाचं म्हणून?

हे मला का सुचलं ते सांगते. ही गोष्ट मी लेकीला तोवर कधी सांगितली नव्हती, आणि यांनाही ती आठवत नसावी.

माझं बी.एस्सी. १९९४ साली झालं, पहिल्या वर्गात. १९९५ मध्ये लग्न. सासरी तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तशी रीतच होती, मला आवडलंही. १९९६ साली मी बी.एड.चा अर्ज भरला. घरात कुणाची ना नव्हती. अर्जावर अर्थातच नवं नाव, जोडलेल्या मार्कशीटवर जुनं. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "या बाई कोण आणि तुम्ही कोण?" लग्नाचा दाखला आणा, प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा. लग्नाची नोंद कुणी केलेलीच नव्हती. लग्नपत्रिका नि कार्यालयाची पावती घेऊन गेले तर हसले. या धावपळीत तारीख उलटली. यादी लागली तिच्यात माझं नाव नव्हतं. दोन दोन नावं असून एकही नव्हतं. माझे मार्क कमी होते म्हणून नव्हे हो. माझे मार्क कुणी बघितलेच नाहीत. सगळे म्हणाले, "पुढच्या वर्षी भर, त्यात काय!" पुढच्या वर्षी दीर आजारी, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. सत्तावीस वर्षं मी ते असंच एक राहून गेलेलं काम म्हणून धरलं होतं.

हे सगळं मी ओट्याशी उभी राहून, हातात फडकं तसंच धरून सांगितलं. कुणी काही बोललं नाही. यांनी चष्मा काढून पुसला.

मग मी लेकीला म्हटलं, "तुझं नाव बघ. ई.टी.एस.कडे काय लिहिलंस नि या अर्जात काय लिहिलंस, मला वाचून दाखव." ती म्हणाली, नाव बरोबर आहे, मी तीनदा बघितलंय. म्हटलं, मला इंग्रजी वाचता येतं, पण तू मोठ्याने वाच. वाण्याच्या यादीशी सामान ताडून बघतो तसं, एक एक ओळ. तिनं वाचलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, बरोबर. पत्ता बरोबर. मग पुढची ओळ वाचताना तिचं तिलाच काही खटकलं नाही, ती वाचत गेली, "जन्मतारीख, एप्रिल सात, दोन हजार दोन."

"काय म्हणालीस?"

"एप्रिल…" ती थांबली.

आमच्या लेकीचा जन्म चार जुलैचा. साताऱ्यात त्या रात्री असा पाऊस कोसळत होता की दवाखान्यात जायला रिक्षा मिळेना, यांनी शेजाऱ्यांची गाडी ढकलत ढकलत सुरू केली होती. ती तारीख मी विसरेन? एप्रिलमधली म्हणे! एप्रिलमध्ये आमच्याकडे सांडगे वाळत असतात.

झालं होतं ते असं. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना. बाकीच्या अर्जांत महिन्याचं नाव यादीतून निवडायचं होतं, तिथे चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. या एका अर्जात आकडे टाकायचे होते. पोरीनं सवयीने ०४, ०७ असे टाकले. त्यांच्या संगणकाने ते चौथा महिना, सातवा दिवस असे वाचले. तिचा वाढदिवस तेरा ते एकतीसमधला असता तर संगणकाने तिथेच अडवलं असतं, तेरावा महिना नसतो म्हणून. बारापर्यंतच्या तारखा मात्र दोन्हीकडून खऱ्या वाटतात. त्यात चार जुलै म्हणजे त्यांचा स्वातंत्र्यदिन. त्या देशातल्या पोराटोरांना पाठ असलेली तारीख, नि आम्ही तीच उलटी लिहून दिली! ई.टी.एस.कडून मार्क आले होते ते जुलैतल्या मुलीचे. अर्ज एप्रिलच्या मुलीचा. दोघींना एकाच फाइलीत कोण बसवणार?

पाठवून दिलेला अर्ज दुरुस्त करता येत नव्हता. म्हणून त्याच रात्री त्यांच्या प्रवेश कार्यालयाला ई-मेल केली. लेक लांबलचक माफी मागायला लागली होती, ती मी थांबवली. खिडकीतल्या माणसाला आपलं दुःख नको असतं, नंबर हवे असतात, एवढं मला १९९६ मध्ये कळलं होतं. पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, अर्जाचा क्रमांक, परीक्षेचा नोंदणी क्रमांक, परीक्षेची तारीख, मार्क कधी पाठवले ते. अर्जात चुकून पडलेली जन्मतारीख आणि खरी जन्मतारीख, दोन्ही, महिना अक्षरांत लिहून. सोबत पासपोर्टच्या पानाची प्रत. दहा-बारा ओळींत सगळं आटोपलं. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झाले होते, तिकडे दुपारचा एक. सासूबाई जाग्याच होत्या, आतून विचारलं, "गेलं का गं पत्र?" म्हटलं, गेलं. "झालं तर मग," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे आनंदीबाई असणार.

मंगळवार नुसता गेला. लेक दर तासाला फोन बघायची. मी साबुदाणा भिजत घालायची विसरले, संकष्टी नाही नि काही नाही, तरी का भिजवणार होते देव जाणे. बुधवारी सकाळी उत्तर आलं होतं, दोन ओळींचं: जन्मतारीख दुरुस्त केली आहे, मार्क आमच्याकडे होतेच, एक-दोन दिवसांत दिसतील. होतेच! कुणा एप्रिलवालीची वाट बघत पडलेले. गुरुवारी, चौदा डिसेंबरला, दुपारी चारच्या सुमाराला ती खूण उमटली. लेक स्वयंपाकघरात धावत आली नि माझ्या कणकेच्या हातांसकट मला मिठी मारली. मी म्हटलं, त्या पानाचा फोटो काढून ठेव, पोच आहे ती.

आता तुम्ही विचाराल, मिळाला का मग तिथे प्रवेश? नाही मिळाला. मार्च २०२४ मध्ये त्यांचं नकाराचं पत्र आलं. लेक दोन दिवस गप्प होती, मग सावरली. उरलेल्यांतल्या दोघांनी हो म्हटलं होतं. पैकी एक तर ज्याला मागाहून पैसे भरून मार्क पाठवले ते. ऑगस्टमध्ये ती तिकडे गेली. यांना त्या नकाराचं फार वाईट वाटलं, म्हणाले, एवढी धडपड केली ती फुकटच. मला तसं नाही वाटलं. त्या लोकांनी तिचे मार्क बघितले नि मग नाही म्हटलं. यातलं अंतर यांना समजावून सांगायला मला जमलं नाही, तुम्हाला कदाचित सांगायला नको.

त्या डिसेंबरपासून मी एक वही घातली आहे. दोनशे पानी, साधी. विद्यापीठाचं नाव, त्याचा सांकेतिक क्रमांक, शेवटची तारीख त्यांची नि आपली, मार्क पाठवले तो दिवस, आणि सगळ्यांत शेवटी एक रुंद रकाना, पोच. जी.आर.ई.चे मार्क पाच वर्षं चालतात, इंग्रजीच्या टोफेल परीक्षेचे दोनच, म्हणून परीक्षेची तारीखही लिहायची. फीचे आकडे नि नियम हे लोक सारखे बदलतात, ते मात्र ज्या त्या वेळी संस्थेच्या साइटवरूनच बघून घ्यावेत, माझ्या वहीवर विसंबू नये.

परवा आमच्या कॉलनीतल्या एक बाई आल्या होत्या. मुलाला अमेरिकेला जायचंय, परीक्षा पुढच्या महिन्यात, आणि तो म्हणतो, आई, तुला त्यातलं नाही कळायचं. चहा टाकला, वही काढली. म्हटलं, आधी मला त्याची जन्मतारीख सांगा.

"नऊ ऑक्टोबर," त्या म्हणाल्या.

मी लाल पेन शोधायला उठले.